सिनेमात ते तीन मित्र कुठे गेले?

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास डे-केअरमधून सिस्टरांचा फोन आला. "मॅडम, चार नंबरच्या मुलाला रिअ‍ॅक्शन येतेय असं वाटतंय. रक्त बंद केलंय, लवकर या." रक्त चढत असताना चेहरा लाल होणं, नाडी वाढणं, जीव घाबरणं ही धोक्याची लक्षणं असतात. अशा वेळी आधी पिशवी बंद करायची आणि मग बाकीचं बघायचं, हे आमच्या सिस्टरांच्या अंगवळणी पडलेलं आहे. मी ओपीडी तशीच सोडून जिना उतरले.

मुलगा चौदा वर्षांचा. थॅलेसेमिया मेजर. वर्षाचाही झाला नव्हता तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त लागतं. नाडी ११० होती. पण ताप नाही, थंडी नाही, अंगावर पित्ताच्या गांधी नाहीत, रक्तदाब ठीक, छाती स्वच्छ. पिशवीवरचा क्रमांक आणि रक्तगट पुन्हा ताडून पाहिला, बरोबर होता. मग लक्ष गेलं ते त्याच्या पायाशी पालथ्या पडलेल्या मोबाइलकडे.

"काय झालं रे?"

"मॅडम, त्यांनी ते दाखवलंच नाही."

"कुणी? काय?"

"सिनेमावाल्यांनी. मित्रांचं. सगळं काढूनच टाकलंय."

आई ओशाळून म्हणाली, "माफ करा मॅडम. हॅरी पॉटरचा सिनेमा बघत होता. एवढंसं कारण, आणि तुम्हाला पळत यावं लागलं." पंधरा-वीस मिनिटांनी नाडी खाली आली, आम्ही रक्त पुन्हा सुरू केलं. रिअ‍ॅक्शन होती, पण रक्ताची नव्हती. वर ओपीडीत माणसं खोळंबली होती. "अरे, सिनेमाच तर आहे, सोडून दे," असं म्हणून मी निघाले.

माझं ते वाक्य चुकलं होतं. (मुलाच्या आणि त्याच्या आईच्या संमतीने हे लिहीत आहे. त्याची ओळख पटेल असे तपशील टाळले आहेत.)

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला तेव्हा माझ्याशी धड बोलला नाही. जाताना मात्र पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्या टेबलावर ठेवलं. हॅरी पॉटर मालिकेतला तिसरा भाग, मराठी अनुवाद, पानांचे कोपरे दुमडून दुमडून मऊ झालेले. "तुम्ही आधी वाचा, मग सांगा," म्हणाला. मी वाचलं. नंतर घरी लेकीला शेजारी बसवून सिनेमाही पाहिला.

पुस्तकात काय आहे?

जे. के. रोलिंग यांचं 'हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझ्काबान' १९९९ मध्ये आलं. त्यावरचा अल्फोन्सो क्वारोन दिग्दर्शित सिनेमा २००४ चा. ज्यांनी यातलं काहीच वाचलं-पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हॅरीच्या जादूच्या शाळेत ल्युपिन नावाचे नवे शिक्षक येतात. फाटके कपडे, थकलेला चेहरा, पण मुलांना जीव लावून शिकवणारे. महिन्यातून एकदा ते आजारी पडतात आणि वर्गावर येत नाहीत. लहानपणी त्यांना एका नरलांडग्याने चावलेलं असतं. त्यामुळे दर पौर्णिमेला त्यांचा लांडगा होतो. पौर्णिमेआधीचा आठवडाभर एक कडू काढा घेतला, तर त्या रात्रीही त्यांची शुद्ध कायम राहते. हा आजार त्यांना सगळ्यांपासून लपवावा लागतो. शेवटी तो फुटतो आणि त्यांना नोकरी सोडावी लागते, कारण असा शिक्षक आपल्या मुलांना नको असं पालक म्हणणार हे त्यांना माहीत असतं.

रोलिंगबाईंनी नंतर स्वतःच लिहिलं आहे की ल्युपिन यांचा आजार हे एचआयव्हीसारख्या, समाजाने कलंक मानलेल्या आजारांचं रूपक आहे. सरकारी रुग्णालयात तीस वर्षं काढलेल्या माझ्यासारखीला ते सांगावंही लागलं नसतं. गावात कळू नये म्हणून तीन तालुके ओलांडून औषधं न्यायला येणारी माणसं आम्ही पाहिली आहेत.

ल्युपिन विद्यार्थी असतानाची एक गोष्ट पुस्तकात उशिरा कळते. दर पौर्णिमेला त्यांना गावाबाहेरच्या एका पडक्या घरात एकट्याला ठेवत. जवळपास माणूस नसल्याने लांडगा झालेला तो मुलगा स्वतःलाच चावत, ओरबाडत असे. त्याच्या तीन मित्रांना संशय येतो. खरं कळल्यावर ते त्याला टाकत नाहीत. नरलांडग्यापासून धोका असतो तो माणसांना, प्राण्यांना नव्हे. मग हे तिघे जवळजवळ तीन वर्षं चोरून खटपट करतात आणि प्राण्याचं रूप घेण्याची अवघड विद्या शिकतात. एक मोठ्या शिंगांचं हरीण होतो, एक कुत्रा, एक उंदीर. तेव्हापासून पौर्णिमेच्या रात्री तो एकटा राहत नाही. हरीण झालेला मित्र म्हणजे हॅरीचे वडील.

सिनेमा २ तास २२ मिनिटांचा आहे. त्यात ल्युपिन आहेत, त्यांचा आजार आहे, राजीनामाही आहे. जुन्या मित्रांचा उल्लेख आहे, माणसाचा प्राणी होतो हेही दिसतं. पण ते ही विद्या कुणासाठी आणि का शिकले, हे कुठेच सांगितलेलं नाही. त्या चौघांनी मिळून बनवलेला जादूचा नकाशा सिनेमात हातोहाती फिरतो, मात्र तो कुणी बनवला हे शेवटपर्यंत कळत नाही. संकटाच्या क्षणी हॅरीच्या जादूतून चमकतं हरीण का उमटतं, तेही कळत नाही.

अनेक समीक्षक या सिनेमाला मालिकेतला सर्वात चांगला सिनेमा मानतात. मलाही तो आवडला. पण माझ्या पेशंटसाठी त्यातून नेमका गाभाच गेला होता.

एकवीस दिवसांची पौर्णिमा

थॅलेसेमिया मेजरमध्ये शरीराला पुरेसं हिमोग्लोबिन बनवता येत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यातून साचणारं लोह बाहेर काढायला रोजची औषधं लागतात, नाही तर ते लोह हृदयावर, यकृतावर आणि वाढीच्या ग्रंथींवर बसतं. रक्ताची तारीख जवळ आली की ही मुलं कोमेजतात. जिना चढवत नाही, वर्गात झोप येते, चेहरा पिवळट दिसतो. रक्त मिळालं की दोन दिवसांत पुन्हा हुंदडायला लागतात.

"चंद्राची पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांनी येते, माझी एकवीस दिवसांनी," असं तो मला पुस्तकाविषयी बोलताना अगदी सहज म्हणाला. शाळेत त्याने आजाराबद्दल कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दर तिसऱ्या गुरुवारची गैरहजेरी 'मामाकडे गेलो होतो' या सबबीखाली जायची. वर्गात एकदा कुणीतरी विचारलंही होतं, तुझा मामा फक्त गुरुवारीच घरी असतो का?

आता सांगा, आजारी मित्रासाठी स्वतःला बदलून घेणारी तीन मुलं ज्याने पुस्तकात सात-आठ वेळा वाचली, तो सिनेमात कशाची वाट बघत असेल?

मेंदू वाट बघतो तेव्हा

अपेक्षाभंगाची मेंदूतली खूण शास्त्रज्ञांनी मोजलेली आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहेत. एक खूण दाखवायची आणि थोड्या वेळाने माकडाच्या तोंडात फळाच्या रसाचा थेंब सोडायचा. सुरुवातीला रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी जोरात संदेश सोडत. माकड शिकलं, तशा त्या पेशी रसाला नव्हे तर आधीच्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. मग संशोधकांनी खूण दाखवली, पण रस दिलाच नाही. ज्या क्षणी रस यायला हवा होता, नेमक्या त्या क्षणी पेशींचं काम नेहमीच्या पातळीच्याही खाली गेलं. अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतला हा फरक मेंदू टिपतो, हे १९९७ च्या एका शोधनिबंधात मांडलं गेलं आणि मेंदूविज्ञानात ते पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

माकडाचा रस आणि मुलाचा सिनेमा एकच नव्हे, हे मान्य. पण तत्त्व समजायला हे उदाहरण उपयोगी आहे. ज्याने पुस्तक वाचलेलं नाही त्याला वगळलेला प्रसंग खटकत नाही, कारण तो कशाचीच वाट बघत नसतो. ज्याला पान न् पान पाठ आहे, त्याच्यासाठी पडद्यावरचं ते पडकं घर म्हणजे खूण. आता ते येणार, आता सांगणार, असं करत तो थांबतो. प्रसंग पुढे सरकतो आणि ते येत नाही. म्हणजे सिनेमा जितका बाकी बाबतींत पुस्तकाच्या जवळ, तितकी ही ठेच जास्त लागते. अनोळखी रस्त्यावर आपण जपून चालतो, ओळखीच्या जिन्यावर एक पायरी कमी असली तर पडतो, तसंच हे.

डोक्यातलं चित्र आणि पडद्यावरचं चित्र

पुस्तकावरून केलेल्या सिनेमाबद्दल आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते. "माझ्या मनातला तो असा दिसतच नव्हता." यामागेही शरीरशास्त्र आहे.

आपण एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहतो आणि तीच डोळे मिटून मनात आणतो, तेव्हा मेंदू बऱ्याच अंशी त्याच यंत्रणा वापरतो. याचा एक जुना, गमतीदार प्रयोग आहे. १९१० मध्ये पर्की या अमेरिकन संशोधक महिलेने लोकांना कोऱ्या पडद्याकडे बघत टोमॅटो, केळं, पान अशा वस्तू मनात आणायला सांगितल्या. त्यांच्या नकळत त्याच पडद्यावर त्या वस्तूचं अतिशय पुसट चित्र मागून सोडलं जात होतं. लोकांना ते चित्र आपल्याच कल्पनेतलं वाटलं. केळं आडवं मनात आणलं होतं, ते उभं कसं दिसतंय, याचं काहींना आश्चर्य वाटलं, तरी पडद्यावर खरंच चित्र आहे हा संशय त्यांना आला नाही.

मनातलं चित्र आणि डोळ्यांसमोरचं चित्र असं एकमेकांत मिसळू शकतं. त्यात डोळ्यांसमोरचं बहुधा वरचढ ठरतं, कारण ते ठसठशीत असतं आणि पुन्हा पुन्हा समोर येतं. ल्युपिन यांचा चेहरा वाचकाने आपल्या साठवणीतून बनवलेला असतो. माझ्या पेशंटचे ल्युपिन त्याच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींसारखे दिसायचे. सिनेमा पाहिल्यावर त्याला प्रयत्न करूनही ते गुरुजी दिसेनात, तिथे नट येऊन बसला. "माझे सर गेले," हे त्याचे शब्द. आपलं काहीतरी गेलं ही भावना खोटी नाही.

सगळ्यांच्याच बाबतीत असं होतं असं मात्र नाही. काही माणसांना मनात चित्रं दिसतच नाहीत. २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्थितीला 'अफँटेजिया' हे नाव दिलं. हा आजार नव्हे, मेंदूची एक वेगळी ठेवण आहे. अशी माणसंही कथा-कादंबऱ्या वाचतात आणि त्यांत रमतात. तेव्हा घरातल्या दोन मुलांपैकी एकाला सिनेमातला चेहरा फार खटकला आणि दुसऱ्याला काहीच वाटलं नाही, तर कुणीतरी नाटक करतंय असं समजू नका.

वाचकही बदल करतो

पुस्तक वाचताना मला एक गोष्ट आढळली आणि ती मुलाला सांगावी की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला.

त्याने मला सांगितलं होतं की ते मित्र पौर्णिमेच्या रात्री त्या पडक्या घरात ल्युपिन यांच्याजवळ बसून राहायचे. पुस्तकात तसं नाही. ते लांडग्याला घेऊन बाहेर पडत, शाळेच्या आवारात आणि गावात रात्रभर भटकत. अनेकदा कुणीतरी माणूस त्यांच्या तावडीत सापडता सापडता वाचला होता. नंतर ते त्यावर हसत. मोठे झालेले ल्युपिन हे कबूल करतात आणि ज्यांनी विश्वासाने आपल्याला शाळेत घेतलं त्यांना आपण फसवलं, याची खंत त्यांना आहे. शिवाय हा सगळा भाग पुस्तकातलं एक छोटंसं प्रकरण आहे. मुलाच्या बोलण्यावरून मला वाटलं होतं की निम्मं पुस्तक त्यावरच असेल.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या त्यांच्या ग्रंथात हेच दाखवलं होतं. त्यांनी इंग्रज वाचकांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर ती वेगवेगळ्या अंतराने आठवून लिहायला सांगितली. अनोळखी तपशील गळून गेले, काहींच्या जागी ओळखीचे आले, गोष्ट लिहिणाऱ्याच्या जगाला साजेशी झाली. आठवण म्हणजे फोटो नव्हे. आपण दर वेळी ती नव्याने जुळवतो आणि जुळवताना आपल्याला जे हवं ते ठळक करतो. माझ्या पेशंटला कुणीतरी शेजारी बसून राहायला हवं होतं. त्याच्या आठवणीत मित्र बसले.

शेवटी मी त्याला ते पान दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. "म्हणजे मी पण सिनेमा केला," म्हणाला. थोडा वेळ गप्प राहून पुढे म्हणाला, "पण माझा जास्त चांगला आहे."

दिग्दर्शकाचीही बाजू आहे. तीनशेहून जास्त पानं सव्वादोन तासांत बसवायची तर काहीतरी जाणारच, आणि जे जातं ते कुणाचं तरी सर्वात लाडकं असणार. हा सल फक्त वाचकांचा नसतो. जर्मन लेखक मिखाएल एंडे यांच्या १९७९ च्या 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' या अद्भुतकथेवर १९८४ मध्ये सिनेमा निघाला. तो एंडे यांना इतका नापसंत होता की त्यांनी आपलं नाव काढायची मागणी केली, कोर्टात गेले आणि हरले. सिनेमात कादंबरीचा साधारण अर्धाच भाग होता.

घरच्यांनी काय करावं?

पहिली गोष्ट, माझं वाक्य टाळावं. 'सिनेमाच तर आहे' म्हटलं की मूल पुढचं सांगत नाही. त्याऐवजी विचारा, "काय राहिलं रे त्यात? तुला काय दिसायला हवं होतं?" उत्तर बहुतेक वेळा सिनेमाबद्दल असेल. कधीकधी ते मुलाबद्दल असतं. मी चौदा वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि यकृताचे अहवाल नियमित बघत होते. त्याला शाळेत एकटं वाटतं, हे मला वगळलेल्या प्रसंगाने सांगितलं.

दुसरी, शक्य असेल तर आधी पुस्तक, मग सिनेमा. स्वतःची चित्रं एकदा तयार होऊ द्यावीत. सिनेमानंतर पुस्तकाकडे परतलं तर नटाचे चेहरे आडवे येतात, पण वगळलेले प्रसंग तिथेच असतात. आवडता भाग मोठ्याने वाचून दाखवायला सांगावा.

तिसरी, वाचलेल्यावर बोलावं. इटलीत लोरिस वेझाली आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांना हॅरी पॉटरमधले भेदभावाचे उतारे वाचायला देऊन त्यावर छोट्या गटांत चर्चा घडवली. काही आठवड्यांनी, हॅरीशी जवळीक वाटणाऱ्या मुलांचा स्थलांतरितांकडे बघण्याचा दृष्टिकोन सुधारलेला दिसला. तिथे वाचनाच्या जोडीला मोठ्या माणसाशी बोलणंही होतं, हे महत्त्वाचं.

आणि चौथी, निराशा आणि नैराश्य यांत फरक करावा. सिनेमाचा राग दोन-चार दिवसांत ओसरतो. याच पुस्तकात माणसातला आनंद शोषून घेणारे डिमेंटर आहेत, ते रोलिंगबाईंना स्वतःच्या नैराश्याच्या अनुभवातून सुचले. मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, आवडीच्या गोष्टी सोडत असेल, झोप-भूक बिघडली असेल, मरणाची भाषा करत असेल, तर तो सिनेमाचा परिणाम समजून थांबू नका. मरणाची भाषा आली तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका. कायमचा आजार असलेल्या मुलांत हे जास्त जपावं लागतं. जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. हा फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आमच्या पेशंटने दिवाळीनंतर वर्गातल्या एका मित्राला खरं सांगितलं. फक्त एकालाच. सुट्टीतल्या एका गुरुवारी तो मित्र डे-केअरमध्ये आला. पहिली दहा मिनिटं पिशवीतून थेंब थेंब पडणाऱ्या रक्ताकडे टक लावून बघत बसला. मग दोघं मोबाइलवर गेम खेळले, मग त्यांचं भांडण झालं, मग आईने आणलेले पोहे दोघांनी खाल्ले. निघताना त्याने मला थांबवून विचारलं, "मॅडम, मी याला रक्त देऊ शकतो का?"

मी म्हटलं, अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, वजन निदान पंचेचाळीस किलो लागतं, आणि तू दिलेलं रक्त त्यालाच मिळेल असं नाही, ज्याला जुळेल त्याला जाईल. त्याने बोटांवर हिशेब केला. चार वर्षं होती. "चालेल," म्हणाला, आणि पुढचा गुरुवार कोणत्या तारखेला आहे ते विचारून गेला.